मुलींचा मेंदू गणिताला कमी पडतो, हे शास्त्राने सिद्ध झालंय का?

तुमची मुलगी दहावीला गणितात चांगली आहे, तिला इंजिनिअरिंगला जायचंय आणि घरचे म्हणतात, 'पोरींचा मेंदूच वेगळा असतो.' मी चोपडा तालुक्यात बावीस वर्षं गणित शिकवलं. 'पोरीस्ले गनित कसाले?' हे पालकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

फरक आहेतच. पुरुषांचा मेंदू सरासरीने साधारण १० टक्के मोठा भरतो. नैराश्य बायकांत जवळपास दुप्पट, तर पार्किन्सन (कंपवात) पुरुषांत जास्त. त्यामुळे या फरकांचा अभ्यास व्हायलाच हवा. पण २०१५ साली डाफ्ना जोएल या मेंदूशास्त्रज्ञ बाईंच्या गटाने १४०० हून जास्त मेंदूंचे एमआरआय तपासले, तेव्हा सगळेच भाग 'पुरुषी' किंवा सगळेच 'बायकी' असलेले मेंदू फार थोडे निघाले. बहुतेकांत सरमिसळच.

मुलगे खरोखर पुढे दिसतात ते एका गोष्टीत: आकृती मनातल्या मनात फिरवून पाहण्यात. पण त्यावर घरच्यांना मेघालयातला अभ्यास सांगा. २०११ साली तो प्रसिद्ध झाला. खासी आणि कार्बी या शेजारी राहणाऱ्या, भात पिकवणाऱ्या जमाती. कार्बींमध्ये जमीन मुलाकडे जाते, खासींमध्ये धाकट्या मुलीकडे. जवळपास १३०० जणांना चार तुकड्यांचं कोडं जुळवायला दिलं. कार्बी पुरुषांनी ते बायकांपेक्षा बऱ्याच कमी वेळात जुळवलं. खासींमध्ये स्त्री-पुरुषांत फरकच दिसला नाही! मुलीच्या नावावर शेत असणं, तिचं शिक्षण, घरातला तिचा शब्द, हे सगळं त्या कोड्यापर्यंत पोचतं.

आपल्याकडे पाहा ना. ठिबकच्या नळ्या अंथरायला, वावर मोजायला बाप पोराला सोबत नेतो. पोरगी कापूस वेचायला जाते किंवा धाकट्या भावाला सांभाळत घरी थांबते. दिवाळीच्या आसपास माझ्या वर्गातले मुलींचे बाक रिकामे असायचे. आणि मग भूमितीच्या पेपरात ती मागे पडली, की दोष तिच्या मेंदूला!

आकृती मनात फिरवण्याचं हे कौशल्य सरावाने वाढतं, त्यावर भरपूर संशोधन झालंय. मुलगी आकृत्यांत अडखळत असेल, तर तिला पुठ्ठ्याचा खोका उलगडून सपाट करायला द्या. कुठली बाजू कुठे येईल ते आधी कागदावर काढायला सांगा, मग परत जोडू द्या. मी आठवीच्या वर्गात हेच करायचे, केळीच्या पॅकिंगची फाटकी खोकी आणून.