ग्रीन बिल्डिंग शिकायची, पण शहरासकट

प्रश्न : मुलगी कोल्हापुरातच आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. ग्रीन बिल्डिंगची सर्टिफिकेट परीक्षा दिली की लगेच नोकरी, असं सगळे सांगतात. ती म्हणते, मला एकटी इमारत नाही, तिच्या भोवतालच्या शहरासकट तपासायला शिकायचंय. असं काही करिअर असतं का? – एक पालक, नागाळा पार्क

नमस्कार. असतं, आणि तुमची मुलगी अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवतेय.

२०१९च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोका पातळी आहे ४३ फूट. तुमच्या भागात राहणाऱ्याला ते दिवस मी काय सांगणार! आता पूररेषेलगत भराव टाकून जोतं उंच केलेली एखादी इमारत डोळ्यांपुढे आणा. गच्चीवर सोलर, सांडपाण्यावर प्रक्रिया, पावसाच्या पाण्याची साठवण. प्लॉटच्या आत सगळं चोख. पण भरावाने अडलेलं पाणी शेजारच्या बैठ्या घरांत शिरणार असेल तर? तिचं सांडपाणी जयंती नाल्यावर किती भार टाकतं? केएमटीचा (शहर बससेवेचा) थांबा चालत जाण्याइतका जवळ आहे, की प्रत्येक घरामागे दोन गाड्या आल्या? इमारतीला पर्यावरणपूरक म्हणण्याआधी हे विचारायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

इमारतींना ग्रीन रेटिंग देणाऱ्या ग्रिहा, आयजीबीसी यांच्या एकेका इमारतीसाठीच्या पद्धतींत जागेची निवड, सार्वजनिक वाहतूक यांचा विचार आहे, पण मुख्य भर वीज, पाणी, साहित्य यांवर असतो. संपूर्ण वसाहतीसाठी वेगळ्या पद्धती आहेत : ग्रिहाची मोठ्या प्रकल्पांसाठीची, आयजीबीसीची टाउनशिपसाठीची, अमेरिकेतल्या लीडची नेबरहूडसाठीची. मुलीला या आत्ताच वाचायला सांगा. सर्टिफिकेट परीक्षा वाईट नाही. रेटिंग मिळालेल्या इमारतीला राज्याच्या नियमावलीत वाढीव एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जास्त बांधकामाची मुभा आहे, त्यामुळे बिल्डरांना अशी माणसं लागतात. पण ही परीक्षा पदवीनंतरही देता येते. त्यासाठी आत्ता क्लासची मोठी फी भरू नका.

त्याऐवजी तिने क्यूजीआयएस शिकावं. नकाशे तयार करण्याचं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. रमणमळा किंवा दुधाळी परिसरातली एक इमारत घेऊन तिच्या भोवतीचा अर्धा किलोमीटर नकाशावर मांडावा : उतार, नाले, निळी आणि लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं, ते दाखवणाऱ्या सरकारी रेषा), झाडं, बसथांबे. २०१९ आणि २०२१ला पाणी कुठवर आलं, हे घरोघरी विचारावं. पाचव्या वर्षाच्या प्रबंधाचा पाया यातूनच तयार होईल, आणि मुलाखतीत दाखवायला स्वतःचं काम असेल.

पुढे एम.प्लॅन, म्हणजे नगररचनेची पदव्युत्तर पदवी. अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ, दिल्ली आणि भोपाळचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर), खरगपूर आणि रुरकीच्या आयआयटी ही नावं ध्यानात ठेवा. नोकऱ्या नगररचना सल्लागार कंपन्यांत, पर्यावरण सल्लागारांकडे. शिवाय सरकारी नगररचनाकारांची पदं एमपीएससीतून भरली जातात. सुरुवातीचा पगार आयटीसारखा नसतो, ही तयारी घरच्यांनीही ठेवावी.

आयआयटीसाठी गेट या प्रवेश परीक्षेचा आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग हा पेपर लागतो. परीक्षा फेब्रुवारीत असते आणि गुण तीन वर्षं चालतात. तेव्हा तिने यंदाच फॉर्म भरावा. कमी पडले तर पाचव्या वर्षात दुसरी संधी आहेच.