इंग्लंडच्या खेड्यात घर बघतोयस? मग आधी तिथली कौन्सिल समजून घे

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. वहिनींना सफोकमधे नर्सची पोस्ट मिळालीय, तू डिपेंडंट म्हणून येणार, इप्सविच शहरात भाडं झेपत नाही म्हणून स्टोमार्केटच्या बाजूला एका गावात दोन बेडरूमचं घर बघितलंय आणि एजंटच्या ईमेलमधे 'मिड सफोक डिस्ट्रिक्ट' असं लिहून आलंय. तू तीन गोष्टी विचारल्यास. हे डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा का, तिथल्या निवडणुकीचा आपल्यासारख्यांशी काही संबंध येतो का, आणि खेड्यातले गोरे लोक परक्यांच्या विरोधात मत देतात हे कितपत खरं. मी 2019 पासून याच भागात आहे, बायको माझीही नर्सच, त्यामुळे जे अनुभवलं ते सांगतो, जरा लांबेल.

डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नाही, ही पहिली गल्लत मीही केली होती. आपल्या जिल्ह्यासारखी इथे काउंटी, म्हणजे सफोक. तिच्या पोटात डिस्ट्रिक्ट, साधारण आपला तालुका समज, आणि सगळ्यात खाली पॅरिश, म्हणजे ग्रामपंचायत. पण पंचायत समितीसारखं डिस्ट्रिक्ट काउंटीच्या हाताखाली नसतं, प्रत्येकाची निवडून आलेली कौन्सिल वेगळी आणि कामही वेगळं. शाळा, रस्ते, लायब्ररी, म्हाताऱ्यांची देखभाल हे काउंटीचं. कचरा, घरबांधणीच्या परवानग्या, हॉटेलांची स्वच्छता तपासणं, काउन्सिल टॅक्स गोळा करणं हे डिस्ट्रिक्टचं. आणि बस स्टॉपवरचं शेड, मुलांची खेळायची जागा, भाजी लावायचे भाड्याचे वाफे हे पॅरिशचं. आल्या आल्या मी घरासमोरच्या खड्ड्याचा फोटो काढून डिस्ट्रिक्टला तक्रार केली, त्यांचं सभ्य उत्तर आलं की रस्ता काउंटीचा आहे, ही घ्या लिंक. चूक माझीच होती, पण आठवडा गेला.

पैशाचं आत्ताच डोक्यात ठेव कारण एजंट भाडं सांगतो आणि हे सांगायला विसरतो. काउन्सिल टॅक्स घरमालक नाही, राहणारा भरतो. घराला ए ते एच असा बँड असतो आणि गंमत म्हणजे तो 1 एप्रिल 1991 ला घराची किंमत काय असती त्यावर ठरलेला आहे, अजूनही तोच. 2025-26 ला इंग्लंडमधे बँड डी चं सरासरी बिल 2,280 पौंड होतं, साधारणपणे एप्रिल ते जानेवारी दहा हप्त्यांत जातं आणि फेब्रुवारी-मार्चला खिसा जरा श्वास घेतो. बिलावर नाव डिस्ट्रिक्टचं असतं पण त्यातला मोठा घास काउंटीचा, मग पोलिसांचा, थोडा पॅरिशचा, डिस्ट्रिक्टच्या हाताला दहावा हिस्साही धड लागत नाही, आणि शिव्या मात्र सगळ्या तेच खातात. तू मागाहून येणार असशील आणि वहिनी एकट्याच राहणार असतील तर तेवढे महिने 25 टक्के सूट मिळते, ती बिनधास्त मागा, ती पब्लिक फंडमधे, म्हणजे व्हिसावाल्यांना घेता येत नाही अशा सरकारी मदतीत, मोडत नाही. पण कमी उत्पन्नासाठी जी काउन्सिल टॅक्स रिडक्शन असते ती पब्लिक फंडमधे मोडते, तिला हात लावायचा नाही, व्हिसावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. या दोन्ही सारख्याच वाटतात, इथेच लोक फसतात.

आता निवडणूक. तर ऐक, तुला मत आहे. हो, भारतीय पासपोर्टवर, व्हिसावर आलेला असलास तरी, पीआर, म्हणजे कायमची राहायची परवानगी, नसली तरी. भारत कॉमनवेल्थमधे, म्हणजे राष्ट्रकुलात, आहे आणि कॉमनवेल्थचा नागरिक इथे कायदेशीर राहत असेल तर तो नाव नोंदवू शकतो, कौन्सिलसाठीच नाही, पार्लमेंटसाठी पण. जर्मनीत असलेला माझा मावसभाऊ दहा वर्षं टॅक्स भरतोय आणि त्याला नगरसेवकही निवडता येत नाही, त्याला हे सांगितलं तर पाच मिनिटं बोललाच नाही. आणि आपली कित्येक माणसं इथे वर्षानुवर्षं राहतात आणि नावच नोंदवत नाहीत, 'आपल्याला काय करायचंय यांच्या राजकारणात' म्हणून, किंवा व्हिसाला काही होईल या भीतीने. काही होत नाही. उलट मतदार यादीत नाव असलं की क्रेडिट स्कोअरला मदत होते, फोनचं कॉन्ट्रॅक्ट, गाडीचं लोन सगळं सोपं जातं, मी तर खरं सांगायचं तर त्यासाठीच नोंदवलं होतं. नॅशनल इन्शुरन्स नंबर (नोकरी आणि टॅक्ससाठी मिळतो तो) आला की ऑनलाइन पाच मिनिटांचं काम. फॉर्ममधे 'ओपन रजिस्टर' मधून नाव काढायचा पर्याय असतो तो निवड, नाहीतर ती यादी कुणीही विकत घेऊ शकतं.

पहिल्या वर्षी एक फजिती झाली ती सांगतो. संध्याकाळी दार वाजलं, बाहेर साठीच्या पुढच्या एक बाई, हातात क्लिपबोर्ड, कोटावर रिबनचं हिरवं फूल, पायाशी चिखलाने माखलेला कुत्रा. मला वाटलं सरकारी चौकशी आली. आत जाऊन दोघांचे पासपोर्ट, व्हिसाची कार्डं आणि भाड्याचा करार घेऊन आलो आणि त्यांच्यापुढे धरला. बाई इतक्या ओशाळल्या की काय सांगू, म्हणाल्या अहो मी फक्त विचारायला आले होते की बसच्या बाबतीत तुमचं काय म्हणणं आहे. याला कॅन्व्हासिंग म्हणतात. ना हार, ना भोंगा, ना जीप, ना बिर्याणी. एक माणूस, एक यादी, दारोदार. चहा विचारला तर घेतला नाही, अजून सतरा घरं राहिलीत म्हणाल्या. तू कुणाला मत देणार हे सांगायचं बंधन नाही, "अजून ठरवलं नाही" म्हटलं की ते टिक करून हसून पुढे जातात.

या बाईंचा पक्ष ग्रीन, म्हणजे पर्यावरणवाल्यांचा. आणि इथेच हा भाग इंटरेस्टिंग होतो. मिड सफोक म्हणजे शेतं, चर्च, गहू, साखरेचं बीट, वर्षानुवर्षं कॉन्झर्वेटिव्हचा गड. तिथे 4 मे 2023 च्या निवडणुकीत 34 पैकी 24 जागा ग्रीन पार्टीने घेतल्या, त्याआधी त्यांच्या 12 होत्या, आणि इंग्लंडमधे ग्रीनचं स्पष्ट बहुमत आलेली ही पहिली कौन्सिल ठरली. कॉन्झर्वेटिव्ह 6 वर आले, लिबरल डेमोक्रॅट 4. लंडनच्या पेपरवाल्यांना धक्का बसला, गावात कुणाला फार बसला नाही. देशभर त्या दिवशी कॉन्झर्वेटिव्हने हजाराच्या वर जागा घालवल्या, ती लाट होतीच, पण माझ्या मते निम्मं श्रेय त्या क्लिपबोर्डला. हे लोक निवडणूक नसतानाही दारात येत होते, नाला तुंबला, झाड पडलं, नवीन दोनशे घरांची स्कीम येतेय पण डॉक्टरकडे अपॉइंटमेंटला जागा कुठंय, असल्या गोष्टी लिहून घेत होते. ग्रीनला मत दिलं म्हणजे गाव क्रांतिकारी झालं असं समजू नकोस, माझ्या शेजारचा शेतकरी आयुष्यभर कॉन्झर्वेटिव्ह, त्याने ग्रीनला मत दिलं आणि कारण सांगितलं की "ती बाई फोन उचलते."

मोठे वाद बघायचे तर विजेच्या खांबांचे बघ. नॉर्विच ते टिलबरी अशी 400 केव्हीची लाइन टाकायचा नॅशनल ग्रिड या वीज वाहून नेणाऱ्या कंपनीचा प्लॅन आहे, समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज दक्षिणेकडे न्यायला, आणि ती इथल्या शेतांवरून जाते. रस्त्याकडेला 'नो पायलॉन्स' चे बोर्ड दिसतील. म्हणजे पवनऊर्जा पाहिजे म्हणणारा पक्ष आणि खांब नको म्हणणारे त्याचेच मतदार, बैठकीत हे ऐकायला मजा येते. आणि खरी गोष्ट अशी की निर्णय वरच्या सरकारचा, डिस्ट्रिक्ट फक्त म्हणणं मांडू शकतं. तरी प्रत्येक उमेदवाराच्या पत्रकात खांब असतातच.

मतदानाच्या दिवसाचं सांगतो. नेहमी गुरुवार, सकाळी 7 ते रात्री 10, सुट्टी नाही. आमचं केंद्र गावच्या हॉलमधे, जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा, कोपऱ्यात प्ले ग्रुपची खेळणी चादरीखाली झाकलेली. 2023 ला पहिल्यांदाच फोटो ओळखपत्र सक्तीचं झालं होतं म्हणून टेबलावरच्या दोन आज्ज्याच जास्त टेन्शनमधे. मी भारतीय पासपोर्ट काढला, एकीने चष्मा लावून यादीवर बोट फिरवलं, कॉमनवेल्थवर बोट थांबलं आणि तिलाच आनंद झाला. तुम्हाला आता कार्ड मिळत नाही, सगळं ईव्हिसा झालंय, तो मोबाइलवर दाखवून चालत नाही, आधार आणि भारतीय लायसन्सही नाही, म्हणून पासपोर्टच न्यायचा किंवा इथलं प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्स काढून ठेवायचं. घरी येणारं पोल कार्ड नेलं नाही तरी चालतं. मग कागद मिळतो, दोरीला बांधलेली पेन्सिल असते, नावासमोर फुली मारायची, घडी करून काळ्या पेटीत. बोटाला शाई नाही! मी सवयीने बोट पुढे केलं होतं. वॉर्डात दोन जागा असतील तर दोन फुल्या मारता येतात, तिसरी मारलीस तर मत बाद. बाहेर खुर्च्या टाकून पक्षांची रिबनवाली माणसं बसतात आणि तुझा नंबर विचारतात, ते अधिकारी नव्हेत, आपला मतदार येऊन गेला का हे बघत असतात, नाही सांगितलं तरी चालतं. वहिनींची बारा तासांची शिफ्ट असेल तर आधीच पोस्टल मत मागवा, नर्सिंगवाल्यांनी खरंतर तेच करावं.

खर्चाचं ऐकून तर तू हसशील. 2023 ला एका उमेदवाराला 806 पौंड आणि वर मतदारामागे 7 पेन्स एवढीच मर्यादा होती. म्हणजे चार हजार मतदारांचा वॉर्ड धरला तर अकराशे पौंडसुद्धा नाही. आपल्याकडे एवढ्यात एका प्रभागाचे फ्लेक्स होत नाहीत. डिपॉझिट नाही, अर्जावर सूचक आणि अनुमोदक अशा दोन सह्या. मतं बरोबरीत सुटली तर चिठ्ठी टाकून निकाल. उभं राहायचं मात्र आत्ता मनात आणू नकोस, त्यासाठी कायमची राहायची परवानगी लागते. पॅरिशला तर बऱ्याच गावात जेवढ्या जागा तेवढेच अर्ज, निवडणूकच होत नाही, आणि तरीही जागा रिकाम्या राहतात मग लोकांना अक्षरशः विनवून घेतात.

फार कौतुक केलं असं वाटेल म्हणून दुसरी बाजू पण सांगतो. मतदान कमी होतं, कौन्सिलला कितीतरी लोक फिरकतच नाहीत. आणि आपण पुणेकर जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या नावाने बोटं मोडत होतो ना, 2017 नंतर थेट 2026 ला महापालिका निवडणूक झाली म्हणून, तर इथेही सफोक काउंटीची मे 2025 ची निवडणूक पुढे ढकलली, कारण सरकारला काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन पातळ्या मोडून एकाच पातळीची कौन्सिल करायचीय, डिसेंबर 2024 च्या श्वेतपत्रिकेत ते आलं. म्हणजे मी वर सांगितलेली तीन मजल्यांची माडी तू येऊन रुळेपर्यंत दोन मजल्यांची झालेली असेल, काम कुणाचं हे तेव्हा परत तपासून घे.

तिसरा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला. परक्यांविरुद्ध राग आहे का, तर आहे, खोटं कशाला बोलू. मे 2025 ला रिफॉर्म यूके या पक्षाने 677 जागा आणि 10 कौन्सिलं जिंकली, लिंकनशायर काउंटी त्यात आली, आणि त्यांच्या प्रचारात स्थलांतर हाच मुद्दा वर होता. मला पबबाहेर एकाने "तुम्ही लोक किती येणार अजून" असं तोंडावर विचारलंय. वाईट वाटलं, दोन दिवस बायकोला सांगितलंही नाही. पण त्याच माणसाची आई माझ्या बायकोच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात होती नंतर, आणि आता तो लांबून हात करतो, बोलत नाही पण हात करतो. खेड्यात असं आहे की तू 'इमिग्रंट' फार दिवस राहत नाहीस, 'नर्सचा नवरा' होतोस. त्यासाठी दिसावं लागतं. पॅरिशच्या बैठकीला जाऊन बस, सुरुवातीला काही मिनिटं गावकऱ्यांना बोलायला देतात, मी तिसऱ्या बैठकीत तोंड उघडलं, विषय होता कुत्र्यांच्या घाणीसाठी अजून एक डबा. मंजूर झाला. तो डबा आजही आहे आणि मी त्याच्याकडे जरा अभिमानाने बघतो, हसू नकोस.

आता एजंटला दोन गोष्टी विचार, घराचा बँड कुठला आणि कचऱ्याची गाडी कुठल्या दिवशी येते, कारण दिवस चुकला तर कांद्याची सालं सांभाळत बसशील. आणि रविवारी गावात बस आहे का तेही बघ. माझ्या गावाला नाही. तुझ्या गावाचं नाव कळव, तिथपर्यंत माझी गाडी फिरवून आणतो.