डोक्यावर टक्कल का पडतं?

प्रश्न : आमच्याकडे बजरीगरची (छोट्या पाळीव पोपटांची) जोडी आहे. मादीच्या डोक्यामागे रुपयाएवढं टक्कल पडलंय. पिसं झडायचा हंगाम म्हणून सोडून द्यावं का?

उत्तर : नको. हंगामी पिसझडीत पिसं थोडी थोडी गळतात, कातडी उघडी पडत नाही. डोक्यावर बारीक काट्यांसारखी नवी पिसं दिसतात. शिवाय पक्ष्याची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे पहिला संशय जोडीदारावर. दोघांना काही आठवडे शेजारशेजारच्या वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवा. काटे फुटू लागले, तर उपटणारा बहुधा नरच होता.

मग उजेडात चोचीचे कोपरे, नाकावरची जागा आणि पाय नीट पाहा. पांढरट, स्पंजसारखी सच्छिद्र खपली असेल तर तो खरजेचा किडा. त्यावर आयव्हरमेक्टिन या किडे मारणाऱ्या औषधाचा थेंब मानेच्या कातडीवर टाकतात, साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा. पण हे पक्ष्यांच्या डॉक्टरकडूनच करून घ्या. बजरीगरचं वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम. गुरांचं किंवा कुत्र्याचं औषध अंदाजाने दिलं, तर जीव जातो. लाकडी दांड्या फेकून नव्या लावा, नाहीतर किडा परत येतो.

शेपटीची आणि पंखांची मोठी पिसं गळत असतील तर विषाणूची शंका घ्या, लगेच तपासणी करा.

नुसत्या राळ्या-बाजरीवर 'अ' जीवनसत्त्व कमी पडतं. रोज धुतलेला पालक, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर द्या. रात्री १० ते १२ तास अंधार हवा. टीव्हीच्या खोलीत तो मिळत नाही.