लेकीला क्योटो ॲनिमेशनमध्ये जायचंय, चार लाख भरू का?

नमस्कार ताई,
पत्र दोनदा वाचलं. लेक बारावीत, वह्यांची मागची पानं चित्रांनी भरलेली, जपानच्या क्योटो ॲनिमेशन या स्टुडिओतच जायचं म्हणून हटून बसलीय आणि इकडे क्लासवाला कोर्सचे चार लाख मागतोय. आत्ता भरू नका. पण तिला नाहीपण म्हणू नका.

तो स्टुडिओ कसा उभा राहिला ते दोघी मिळून बघा. योको हात्ता आधी टोकियोत ॲनिमेशनची चित्रं रंगवायच्या, लग्न होऊन क्योटोजवळच्या उजीला आल्या आणि १९८१ ला शेजारच्या गृहिणींना जमवून तेच काम सुरू केलं, दुसऱ्या स्टुडिओंची चित्रं रंगवून द्यायची, पारदर्शक शीटवर पुढून रेषा, मागून रंग. स्वतःची पहिली टीव्ही मालिका यायला २००३ उजाडलं! के-ऑन ही त्यांची मालिका २००९ ची, अ सायलेंट व्हॉइस हा सिनेमा तर २०१६ चा.

आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की जपानात कितीतरी ॲनिमेटर फ्रीलान्स, चित्रामागे पैसे घेऊन राबतात, इथे मात्र पगारी नोकरी आणि शिकवायला स्वतःची शाळा, म्हणून तर केसांची एक बट हलवायलासुद्धा तिथली माणसं जीव ओततात. १८ जुलै २०१९ ला एकाने तिथे आग लावली, ३६ जण गेले. तरी पुढच्या वर्षी व्हायोलेट एव्हरगार्डन या आपल्या मालिकेचा सिनेमा आणलाच त्यांनी. लेकीला याबद्दल विचारून बघा, ती कशी बोलते त्यावरून तुम्हाला बरंच कळेल.

आता घरी करायचं ते. काचेच्या टीपॉयखाली मोबाईलचा टॉर्च लावा, वर कागद, म्हणजे खालचं चित्र वरच्या कागदातून दिसेल. एका कागदावर चित्रातल्या मुलीचा हात खाली, दुसऱ्यावर केस मागे सारताना, आणि मधली तीन चित्रं तिने काढायची, रोज, सहा महिने. नव्या माणसाच्या हातात तिथे हेच मधल्या चित्रांचं काम पडतं, कंटाळली तर आत्ताच कळलेलं बरं.

डिग्री सोडायची नाही, जपानच्या वर्क व्हिसाला सहसा लागतेच. आणि जपानी आजपासून, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला शिकवतात, जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षाही पुण्यात होते.

पत्रासोबत तिची चित्रं नव्हती, फोटो काढून पाठवा, छान रंगवलेली नकोत, पेन्सिलची, हातपाय चुकलेली पाठवा, मी बघतो.