वाचकांचे प्रश्न : दोन तासांची ऑफर आणि रिकामी टेबलं

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं रेस्टॉरंट आहे आणि बारचं लायसन्स पण आहे. दुपारचं जेवण आटपलं की तीन ते सहा नुसता शुकशुकाट असतो, म्हणून आम्ही मोबाईलवर 'आज फक्त दोन तास, बिलावर 30 टक्के सूट' असे मेसेज टाकायला लागलो. सुरुवातीला चांगली गर्दी झाली, पण आता मेसेज गेला तरच लोक येतात आणि रात्रीचं नेहमीचं गिऱ्हाईक पण टेबलावर बसल्या बसल्या विचारतं, आज ऑफर नाही का? बंद करावं का हे सगळं?

उत्तर : बंद करू नका, पण आत्ता जसं चाललंय तसं अजिबात चालू ठेवू नका.

आधी हे बघा की दुपारी तुम्ही विकताय काय. जेवण तर तुम्ही रात्री पण विकता, दुपारी साडेचारला विकायचंय ते रिकामं टेबल, आणि तो तास गेला की ती कमाई गेलीच, रात्री ती भरून निघत नाही कारण रात्री ते टेबल तसंही भरलेलं असतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या शेरिल काइम्स यांनी 1998 साली रेस्टॉरंटसाठी हाच विचार नीट मांडला, की दिवसाचा गल्ला नुसता मोजू नका, दर खुर्चीमागे दर तासाला किती आले ते मोजा. विमान कंपन्या असा हिशोब आधीपासून करत होत्या. एक आठवडा तुमच्या बिलांवरच्या वेळा बघून तासाप्रमाणे असा तक्ता करा, कुठला तास खरंच मेलेला आहे ते लगेच दिसेल आणि बहुतेक वेळा तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा छोटा निघतो.

आता सूट. समजा 100 च्या बिलातले 40 मालाला जातात आणि 60 उरतात. 30 टक्के सूट दिली की उरले 30, म्हणजे आधीइतकेच पैसे हातात यायला बिलं दुप्पट फाटायला हवीत. जो माणूस एरवी आलाच नसता तो आला तर हे 30 सुद्धा चांगलेच, कारण भाडं आणि पगार तुम्ही तसेही भरताय. पण जो रात्री पूर्ण दराने जेवणारच होता तो मेसेज बघून दुपारी आला, तर तुम्ही आपल्याच खिशातून 30 काढून दिलेत. म्हणजे सगळं येऊन थांबतं मेसेज कोणाला गेला यावर, आणि तुम्ही तर तो सरसकट सगळ्यांना पाठवताय!

त्यामुळे यादीचे भाग पाडा. जे कधीकाळी आले आणि मग दिसलेच नाहीत ते, आणि जे जवळपास कामाला असतात पण फक्त दुपारच्या जेवणाला येतात ते, ही दुपारच्या ऑफरची माणसं. रात्रीच्या नेहमीच्या लोकांना त्यातून वगळा. त्यांना द्यायचंच असेल तर भाव कमी करून देऊ नका, आवडीचं टेबल राखून ठेवा, नवीन पदार्थ आधी चाखायला बोलवा, त्याचं त्यांना जास्त वाटतं. ऑफर रोज त्याच वेळी नको, कारण कमी भाव वारंवार दिसला की लोकांच्या डोक्यात तोच खरा भाव होऊन बसतो आणि मग मेनूकार्डावरचा भाव महाग वाटायला लागतो, तुमच्याकडे नेमकं हेच झालंय. ज्या दिवशी खरंच टेबलं रिकामी दिसतायत त्याच दिवशी पाठवा, किती टेबलांना आहे तो आकडा स्पष्ट लिहा आणि तेवढी भरली की थांबा. आणि जमलं तर पूर्ण बिलावर टक्केवारी देण्याऐवजी एखादी गोष्ट वर द्या, जी गिऱ्हाइकाला मोठी वाटते पण किचनला स्वस्त पडते.

प्रश्न : एसएमएस, व्हॉट्सॲप की स्वतःचं ॲप? ॲप बनवून देणारे म्हणतात की माणूस दारावरून गेला की त्याच्या मोबाईलवर आपोआप ऑफर जाईल.

उत्तर : ॲपवर एवढ्यात पैसे घालू नका. आयफोनमध्ये नोटिफिकेशनसाठी परवानगी आधीपासूनच मागावी लागते आणि 2022 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 13 पासून तिकडेही तसंच आहे, वर लोकेशनची परवानगी वेगळी, एका रेस्टॉरंटसाठी एवढं सगळं कोण देणार? आणि ते दारावरून गेला की वगैरे जे सांगतात ना, त्यात अँड्रॉइडची स्वतःचीच सूचना आहे की दुकानाभोवतीचं वर्तुळ, ज्यात माणूस शिरला की ऑफर जाते, ते निदान 100 ते 150 मीटर त्रिज्येचं ठेवा, शिवाय ॲप उघडं नसेल तर ऑफर यायला दोनतीन मिनिटं जाऊ शकतात. तेवढ्यात चालणारा माणूस पुढच्या चौकात पोचलेला असतो.

एसएमएस साध्यातल्या साध्या फोनवर पोचतो, पण इंग्रजी अक्षरांत 160 बसतात तिथे देवनागरीत 70 च, त्यात काना मात्रा वेलांट्या पण मोजल्या जातात, त्याच्या वर गेलं की दोन मेसेजचे पैसे. म्हणून 'आज 4 ते 6, पहिली 10 टेबलं' एवढं आणि नाव, बास. व्हॉट्सॲपचं स्टेटस 24 तासांनी आपोआप जातं, कोणाला त्रास नाही, ज्याला बघायचं तो बघतो, सुरुवात तिथूनच करा. फक्त ऑफर सहाला संपली की स्टेटस हाताने काढा, नाहीतर रात्री नऊला लोक तेच दाखवत येतील.

आणि एक कळकळीने सांगते, बिल करताना घेतलेला नंबर ऑफर पाठवायला दिलेला नसतो. विचारा, हो म्हणाले तरच यादीत घाला आणि नको म्हणाले तर त्याच दिवशी काढा.

प्रश्न : मी वेटर आहे. मालक ऑफर टाकतात आणि आम्हाला गिऱ्हाईक फोन दाखवतं तेव्हा कळतं. सहा वाजून पाच मिनिटांनी आलेला माणूस भांडतो, शिव्या आम्ही खातो. टीप पण कमी झाली.

उत्तर : हे पत्र मालक मंडळींनी दोनदा वाचावं. ग्रुपॉन ही कूपन कंपनी 2008 मध्ये सुरू झाली, तिच्या ऑफर घेतलेल्या 150 धंद्यांचा अभ्यास राइस विद्यापीठाच्या उत्पल ढोलकियांनी 2010 मध्ये केला. 66 टक्के म्हणाले फायदा झाला, 32 टक्के म्हणाले नाही झाला, आणि त्यात रेस्टॉरंटची अवस्था सगळ्यात वाईट निघाली. पण माझ्या मते खरी महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे, ऑफर फायद्यात जाणार का हे सगळ्यात जास्त कशावरून कळत होतं, तर स्टाफ त्या ऑफरवर खूश आहे की नाही यावरून!

तुम्ही मालकांना एवढंच मागा की मेसेज जायच्या अर्धा तास आधी किचन, काउंटर आणि वेटर सगळ्यांना कळायला हवं, कशावर आहे, कधीपर्यंत आहे आणि किती टेबलांना. वेळेचा नियम पण आधीच ठरवा. माझं मत विचाराल तर सहाच्या आत दारात आला तो ऑफरमध्ये, आणि वर पंधरा मिनिटं सोडून द्यायचा अधिकार वेटरला, मालकाला फोन न करता. टीपचं म्हणाल तर बिलावर मूळ रक्कम आणि सूट दोन्ही छापली की टीप मूळ रकमेवर द्यायची आठवण लोकांना राहते.

प्रश्न : बारसाठी 'पुढचा एक तास, एकावर एक ड्रिंक फ्री' असं टाकलं तर?

उत्तर : नको. कायद्याचं बघायचं तर आयर्लंडने 2003 मध्ये दिवसातल्या ठराविक वेळेपुरती दारू स्वस्त करायला बंदी घातली, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सने तर 1984 मध्येच हॅपी अवर बंद केले, आणि स्कॉटलंडमध्ये दारूचा भाव बदलला की तो 72 तास तसाच ठेवावा लागतो. म्हणजे तुमची तासाभराची ऑफर तिथे थेट नियमात अडकते. त्यामुळे तुमच्या लायसन्सच्या अटी आणि दारूच्या जाहिरातीचे नियम वाचल्याशिवाय ड्रिंकचा एक शब्दही मोबाईलवर टाकू नका. पण नियमात बसत असेल तरी मी नकोच म्हणेन, कारण घड्याळ लावून दारू स्वस्त केली की लोक भराभर पितात आणि मग त्यातला कोणीतरी गाडी चालवत घरी जातो. घाईची ऑफर खाण्यावर द्या, बिनदारूच्या पेयांवर द्या, गाण्याच्या कार्यक्रमाला पुढचं टेबल द्या.

प्रश्न : ऑफरने खरंच फायदा झाला की लोक असेही आलेच असते, हे कसं ओळखायचं?

उत्तर : यादीतले नंबर चिठ्ठ्या टाकून दोन सारख्या गटांत वाटा, एका गटाला मेसेज पाठवा, दुसऱ्याला त्या दिवशी काहीच नाही. मग दोन्ही गटांतले किती आले ते बिलावरच्या नंबरवरून मोजा. पाठवलेल्यातले 12 आले आणि न पाठवलेल्यातले 9 आले, तर ऑफरने आणलेली माणसं 3, बारा नाहीत, आणि सूट मात्र बाराही जणांना दिलीत. हे तीनचार वेळा करा, वेगवेगळ्या वारी, आणि त्या बारा जणांपैकी महिन्याभरात पूर्ण दराने परत कोण आलं त्यांची वेगळी नोंद ठेवा.