पूल लीगच्या टीमचा कॅप्टन मला खेळवत नाही, आणि खेळवलं तर प्रत्येक शॉटला कानाशी लागतो. टीम सोडावी का?

सोडा. फक्त सेशन, म्हणजे लीगचा चालू हंगाम, संपेपर्यंत थांबा, मधेच उठू नका. कारण पुढे येईलच.

तुम्ही लिहिलंय की एपीएच्या (अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन, म्हणजे टेबलावर क्यूने बॉल पॉकेटात घालायच्या पूल खेळाची लीग) आठ-बॉल टीममध्ये आहात, बहुतेक रात्री नुसते बसून असता, खेळायला मिळालंच तर कॅप्टन टाइमआउट (खेळ थांबवून सल्ला द्यायची सोय) घेऊन डोकं खातो, न खेळता फी मात्र भरावी लागते, आणि विचारायला गेलं की ‘तेवीसचा हिशेब आहे, तुला नाही कळणार’ असं ऐकवतो. त्या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं, म्हणून हे उत्तर.

तेवीसचा हिशेब कळायला सीए व्हावं लागत नाही. लेव्हल म्हणजे खेळाडू किती पक्का ते सांगणारा लीगचा आकडा, जितका मोठा तितका पक्का. त्या रात्री खेळणाऱ्या पाच जणांच्या लेव्हलची बेरीज २३ च्या वर जाता कामा नये, संपलं. माझ्या जुन्या टीमचा कॅप्टन स्वतः ६ आणि त्याचा जिवलग मित्र ७. दोघांना दर मंगळवारी खेळायचंच, म्हणजे १३ तिथेच गेले. उरलेल्या १० मध्ये तीन माणसं बसवायची. त्यात आमचा ५ वाला घेतला की राहतात ५, म्हणजे एक ३ आणि एक २. मग ४ वाल्याने कुठे जायचं? घरी. पण कॅप्टन एखाद्या रात्री स्वतः बाहेर बसला, तर ७, ५, ४, ४, ३ अशी पाच जणांची बेरीज बरोब्बर २३ होते. ‘हिशेब जमत नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘मी बाहेर बसणार नाही’ एवढाच असतो. तुमच्या टीमच्या लेव्हल कागदावर मांडा आणि स्वतःच बेरजा करून बघा.

आता माझं ऐका.

मी ठाण्यात कॅरमवर वाढले. क्यू हातात धरला तो न्यू जर्सीत आल्यावर, ऑफिसातल्या एका बाईने ओढून नेलं म्हणून. त्या बारमध्ये व्हॅली कंपनीची सात फुटी टेबलं होती, चार क्वार्टर खाचेत घालून दांडा ढकलायचा की खडखडाट करत बॉल बाहेर येणार. मी लीगमध्ये आले तेव्हा नवी बाई आली की डोळे मिटून ३ आणि नवा पुरुष आला की ४ अशी सुरुवात व्हायची. त्यावरही मला बोलायचं आहे, पण आज नको.

कॅप्टनने पहिल्याच आठवड्यात प्रेमाने सांगितलं, ‘तुम्ही लोक क्रिकेटवाले, हे जरा वेगळं असतं.’ मी त्याला पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स सांगितला, १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचा जगज्जेता झालेला. पंकज अडवाणी सांगितला. तो म्हणाला, ‘ते बिलियर्ड्स झालं.’ बरं बाबा.

३ लेव्हलच्या खेळाडूला एका रॅकमध्ये, म्हणजे एका गेममध्ये, दोन टाइमआउट मिळतात, ४ आणि वर एक. नवशिक्याला मदत व्हावी म्हणून ही सोय आहे. आमच्या कॅप्टनने तिचा अर्थ लावला की दोन्ही वापरलेच पाहिजेत, आणि तेही त्यानेच. मी क्यू रोखून वाकले की मागून ‘टाइमआउट!’ मग तो डुलत डुलत येणार, टेबलाला प्रदक्षिणा घालणार, एका बॉलकडे बोट दाखवणार आणि मी मारणार होते तोच शॉट मला समजावून सांगणार.

तर ती रात्र. सेशनचा शेवटचा आठवडा, दोन्ही टीमनी दोन-दोन मॅच जिंकलेल्या, पाचवी माझी. समोर ५ लेव्हलचा माणूस, शांत आणि सभ्य. ज्याची लेव्हल कमी त्याला मॅच जिंकायला कमी गेम लागतात. ३ विरुद्ध ५ म्हणजे मला दोन गेम पुरेत, त्याला चार. एक माझा, तीन त्याचे. म्हणजे पुढचा गेम जो घेईल त्याची मॅच, आणि त्याच्याच टीमला प्लेऑफ.

आठ-बॉलमध्ये एकाचे सबंध रंगाचे बॉल, दुसऱ्याचे पट्टेवाले, आणि आपले सगळे घातले की शेवटी आठ नंबर घालायचा. टेबलावर तीनच बॉल उरले होते. क्यूने मारायचा पांढरा, आठ नंबर आणि त्याचा एक पट्टेवाला. तो पट्टेवाला अलीकडच्या डाव्या कोपऱ्याच्या पॉकेटच्या तोंडाशी लटकलेला, फुंकर मारली तर पडेल असा. आठ नंबर उजव्या लांब कुशनला चिकटलेला, पलीकडच्या उजव्या कोपऱ्यापासून टेबलाच्या कडेवरच्या दोन खुणा अलीकडे. पांढरा टेबलाच्या मध्यापासून जरा डावीकडे. पाळी माझी. मी बिअरचा कोस्टर उचलून पलीकडच्या उजव्या पॉकेटपाशी ठेवला, कारण आठ कुठे घालणार ते दाखवावं लागतं. आणि मागून आलंच, ‘टाइमआउट!’

कॅप्टन म्हणाला, ‘सेफ खेळ. आठला हलकेच टेकव आणि पांढरा मागच्या कुशनला नेऊन ठेव.’ सेफ म्हणजे बॉल घालायला न जाता समोरच्याला नीट मारता येणार नाही असा पांढरा ठेवणं.

‘सेफ कुठून? त्याचा बॉल तोंडाशी लटकलाय. पांढरा कुठेही ठेवला तरी तो घालणार.’

‘कट फार पातळ आहे. आठ जाईल आणि पांढरा समोरच्या कोपऱ्यात जाईल. हरशील.’

‘खालून मारीन. नाही जाणार.’

‘तू ३ आहेस.’

हे वाक्य मला आजही पाठ आहे. टाइमआउटचं एक मिनिट संपलं आणि समोरच्या टीमच्या पोरीने घड्याळ दाखवलं. तो खुर्चीत जाऊन बसला, हात छातीवर बांधून.

आता कुशनला चिकटलेला बॉल कसा घालायचा हे पूलवाल्यांना मी सांगायला नको. पांढरा कुशन आणि बॉल यांना जवळजवळ एकाच क्षणी लागला पाहिजे. भीती आठची नव्हती, पांढऱ्याची होती. नुसता वर मारला असता तर तो कुशनवरून सुटून पुढे सरकत पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात शिरू शकला असता, आणि आठच्या मागोमाग पांढरा पडला की जिंकलेला गेम हरला. म्हणून मध्याच्या खाली, मध्यम जोरात. आठ कुशनच्या कडेकडेने सरळ चालत गेला आणि कोस्टरपाशी पडला. पांढरा आडवा जाऊन समोरच्या लांब कुशनला लागला आणि टेबलाच्या मध्यात परत येऊन थांबला. समोरच्याने टेबलावर क्यूचं बूड दोनदा ठोकलं, हात मिळवला. सभ्य माणूस, म्हटलं ना.

आमचा कॅप्टन स्कोअरशीटवर आकडे भरत म्हणाला, ‘लकी.’

लकी कशावरून? ज्याला शंका आहे त्याने हे तीन बॉल असेच मांडावेत आणि मला सेफ खेळून दाखवावं. पांढरा लपवायला टेबलावर आठशिवाय काहीही नाही, आणि आठ कुशनला चिकटलेला. ५ वाल्यासमोर लटकलेला बॉल आणि मोकळं टेबल सोडून देणं याला सेफ म्हणत नाहीत, दान म्हणतात. माझा शॉट चुकला असता तरी त्याहून वाईट काय होणार होतं? पांढरा पडण्याचा धोका होता, मान्य. तो मी खालून मारून सांभाळला. यात नशीब कुठे आलं ते कॅप्टनने मला अजून दाखवायचं आहे.

खरी गंमत पुढे झाली. तुम्हाला माहीत असेलच की जिंकलेले गेम तुम्ही किती पाळ्यांत संपवता त्यावर लेव्हल ठरते, म्हणूनच शीटवर पाळ्या मोजतात आणि बचावाचे शॉट वेगळे लिहितात. माझ्या पाळ्या कमी भरल्या आणि पुढच्या शीटवर नावापुढे ४ आला. मी खूश. घरी पेढे नव्हते, पण असते तर वाटले असते. आणि कॅप्टन? त्याचा चेहरा असा की मी त्याची गाडी ठोकलीय. ‘आता तेवीसमध्ये कशी बसवू तुला? अधूनमधून थोडं चुकायचं ना.’

म्हणजे मुद्दाम चुकायचं. पाळ्या वाढवायच्या, लेव्हल खाली ठेवायची. सँडबॅगिंग म्हणतात याला आणि सरळ फसवणूक आहे ती. १९७९ साली टेरी बेल आणि लॅरी हबार्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी ही लीग सुरू केली. हँडिकॅपची, म्हणजे या लेव्हलची, सगळी मांडणीच यासाठी आहे की दिवसभर नोकरी करून आलेला कच्चा गडी पक्क्यासमोर उभा राहू शकावा, आणि सुधारला तर त्याचा आकडा वाढावा. सुधारलेल्या माणसाला शिक्षा करणारा कॅप्टन त्या मांडणीच्या मुळावरच उठलाय. मी चुकायला नकार दिला. पुढच्या सेशनला मी बाकावर.

तर तुमच्याकडे वळते.

प्लेऑफ खेळायचं तर त्या सेशनमध्ये त्या टीमकडून किमान चार मॅच खेळलेल्या लागतात. ही तुमच्या हातातली सगळ्यात पक्की गोष्ट. कॅप्टनला ‘मला न्याय दे’ वगैरे म्हणू नका, त्या भाषेत त्याला काही ऐकू येणार नाही. त्याला विचारा, ‘माझ्या चार मॅच कोणत्या आठवड्यांत ठेवतोस?’ आणि हे मॅच सुरू व्हायच्या आधी विचारा, हरल्यावर पार्किंगमध्ये नाही. चार मॅच नसलेला खेळाडू प्लेऑफला त्याच्याही उपयोगाचा नाही, हे त्याला पटकन कळेल.

टाइमआउटचं म्हणाल तर सल्ला द्यायला कॅप्टनच आला पाहिजे असं काही नाही, टीममधला कोणीही येऊ शकतो, फक्त एका वेळी एकच. तुमचं ज्याच्याशी जमतं त्याचं नाव आधीच सांगून ठेवा. आणि टाइमआउट नसताना तो खुर्चीतून ‘हळू मार, हळू’ करत असेल तर तो फाउल आहे, समोरच्याला पांढरा हवा तिथे ठेवायला मिळतो. आपल्या कॅप्टनवर आपणच फाउल मागावा असं मी म्हणत नाही. पण एकदा समोरच्यांनी मागितला की तो आपोआप गप्प होतो, हे मी पाहिलंय आणि मला भारी आनंद झालाय.

मधेच का सोडू नका? चौथ्या आठवड्यानंतर रोस्टरमध्ये, म्हणजे टीमच्या यादीत, सहसा बदल करू देत नाहीत. तुम्ही गेलात की बाकीच्यांना एक माणूस कमी पडतो, त्यांनी तुमचं काही बिघडवलेलं नाही, आणि तुम्हालाही दुसरीकडे लगेच घेता येत नाही. सेशन वर्षाला तीन असतात. हे संपत आलं की त्याच बारमधल्या इतर टीमकडे आतापासून बोलून ठेवा, ४ वाला बऱ्याच जणांना हवा असतो. मी गेले त्या टीमची कॅप्टन शाळेची बस चालवणारी साठीची बाई आहे. ती बियर पीत बसते आणि कोणी हाक मारली तरच उठते. सोडताना मी जुन्या कॅप्टनला बऱ्याच गोष्टी ऐकवल्या, त्यातली एक मी आजही परत ऐकवीन: जो खेळाडू तुझ्यामुळे नाही तर तुझ्याशिवाय सुधारला, त्याची तुला भीती वाटते.

हे सगळं एपीएच्या आठ-बॉलचं आहे. बाकीच्या लीगचे नियम वेगळे आणि एपीएतही जागोजागचे पोटनियम असतात, तेव्हा तुमच्या भागाचं पुस्तक बघून घ्या. तुमच्या कॅप्टनची बाजूही मी ऐकलेली नाही. आणि एक कबूल करते, कॅप्टनचं काम सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं आहे, कोणालाच नको असतं म्हणून ते एकाच्या गळ्यात पडतं आणि मग सगळे त्याच्या नावाने बोटं मोडतात. आमचा कॅप्टन दर मंगळवारी सगळ्यांच्या आधी यायचा, ऐनवेळी दांडी मारणाऱ्यांची फी खिशातून भरायचा, शीट भरायचा, बर्फात एकीला घरी सोडायचा. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला आठ नंबर कळत नव्हता.

फीचं राहिलं. न खेळलेल्या रात्रीचे पैसे द्यायचे की नाही हे टीम आपसांत ठरवते, लीगला पाच मॅचचे मिळाले की झालं. तुमच्याकडे काही ठरलंय का ते टीमच्या ग्रुपवर विचारा, एकट्या कॅप्टनला नको. ठरलेलं नसेल तर जो खेळेल तो भरेल असं सरळ सुचवा. दर आठवड्याला खेळणारे दोघं त्यावर काय म्हणतात ते मलाही कळवा.