सेंद्रिय म्हणजे 'केमिकल नसलेलं'? अहो, मग त्यातला इंद्र कुठं गेला!

प्रश्न असा आलाय: "मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या पिशवीवर 'सेंद्रिय, केमिकल-फ्री' छापलंय आणि पोराच्या दहावीच्या पुस्तकात मिथेन, अल्कोहोल सगळी सेंद्रिय संयुगं. खरं कुठलं? आणि ज्वारीला सेंद्रिय म्हणायचं की जैविक?"

बरं झालं विचारलंत, कारण हे 'केमिकल-फ्री' ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. यंदा सोलापूरच्या गड्डा जत्रेत एका स्टॉलवर पाटी बघितली, 'शुद्ध शेंद्रीय गूळ, नो केमिकल'. शेंद्रीय! म्हणजे शेंदरापासून केलेला का हो? देवाला फासायचा जुना शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, त्यात कार्बनचा कण नाही, पक्का निरिंद्रिय, म्हणजे सेंद्रियाच्या उलटा माल. बरं, गूळच सगळा केमिकल आहे. साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२ अणू, हायड्रोजनचे २२, ऑक्सिजनचे ११. केमिकल काढून टाकलं तर कढईत काय उरणार, गुऱ्हाळवाल्याचा घाम? (त्यात पण मीठ-पाणी असतंयच.)

शेतीतला अर्थ तुम्हाला माहितीय, शेणखत, गांडूळखत वगैरे, त्यात वेळ घालवत नाही. खरी मजा शब्दात आहे. सेंद्रिय म्हणजे स + इंद्रिय, इंद्रियांसकट. आणि इंद्रिय कुठून आलं, तर इंद्रापासून. संस्कृत व्याकरण लिहिणाऱ्या पाणिनीनं यावर अख्खं सूत्र खर्ची घातलंय (५.२.९३), इंद्राची खूण, इंद्रानं पाहिलेलं, इंद्रानं निर्मिलेलं, इंद्रानं सेवलेलं, इंद्रानं दिलेलं, घ्या काय पटेल ते. तिथला इंद्र म्हणजे आतला आत्मा असं टीकाकार सांगतात. म्हणजे तुमच्या ज्वारीच्या पिशवीवर इंद्र बसलाय आणि दुकानदाराला पत्ता नाही.

आता काही भाषातज्ज्ञ नाक मुरडतात की 'ऑरगॅनिक'ला सेंद्रिय हे भाषांतरच चुकलंय, इंद्रिय म्हणजे डोळे-कान-नाक, ऑर्गन म्हणजे अवयव, तेव्हा 'अवयवी' काहीतरी पाहिजे होतं. या लोकांनी कर्मेंद्रियं हा शब्द ऐकला नाही का? हात, पाय, वाणी हीसुद्धा इंद्रियंच की. अवयव म्हणजे नुसता तुकडा, भाग. इंद्रिय म्हणजे काम करायचं साधन, म्हणून तर संस्कृतात इंद्रियाला 'करण' असाही शब्द आहे. आणि ग्रीक 'ऑर्गनॉन' म्हणजे काय? साधन, हत्यार! तिकडं 'काम' या अर्थाच्या शब्दावरून, इकडं 'कृ' धातूवरून, दोन्हीकडं एकच कल्पना. याहून नेमकं भाषांतर कुणी करून दाखवावं, मी त्याला शेंगा चटणी आणि कडक भाकरी घरपोच देतो.

आणि माझी तर खात्री आहे की ज्यानं हा शब्द निवडला त्यानं चरक, म्हणजे आयुर्वेदाची चरकसंहिता, वाचलेला होता. तिच्या सूत्रस्थान या भागाच्या पहिल्याच अध्यायात सरळ लिहिलंय, 'सेन्द्रियं चेतनं द्रव्यं, निरिन्द्रियमचेतनम्'. सेंद्रिय ते सजीव, निरिंद्रिय ते निर्जीव. जोडी तयार! नंतर निरिंद्रियाबरोबर 'असेंद्रिय' पण रुळलं, तो शब्द मला आवडत नाही पण असो. चरकाच्या या ओळीवर टीका लिहिताना चक्रपाणिदत्त झाडाझुडपांनाही चेतनात धरतो, म्हणजे चरकाच्या हिशोबानं युरिया टाकलेली ज्वारीसुद्धा सेंद्रियच.

युरियावरून आठवलं, सगळ्यात भारी गंमत तर तिथंच आहे. १९व्या शतकाच्या सुरुवातीला बर्झेलियस नावाच्या स्वीडिश केमिस्टनं जिवंत शरीरातनं मिळणाऱ्या पदार्थांना ऑरगॅनिक म्हणायला सुरुवात केली. ते पदार्थ करायला प्राणशक्ती लागते, प्रयोगशाळेत होणार नाहीत, असा त्या वेळचा समज. १८२८ साली त्याचाच शिष्य व्होलर, यानं अमोनियम सायनेट तापवून युरिया, म्हणजे लघवीत असतो तोच पदार्थ, केला आणि गुरूला पत्र लिहिलं की माणसाची किंवा कुत्र्याची किडनी न वापरता मी युरिया बनवू शकतो. किडनी म्हणजे काय, इंद्रियच ना! म्हणजे इंद्रियाशिवाय झालेला सेंद्रिय पदार्थ. शब्दाच्या पोटातलाच अर्थ त्या दिवशी फुटला, पण नाव तसंच राहिलं. आणि तोच युरिया आज आपल्याकडं गोणीत भरून 'रासायनिक खत' म्हणून सेंद्रियाच्या विरुद्ध पार्टीत बसलाय! पोराचं पुस्तक त्याला सेंद्रिय म्हणणार, कृषी केंद्रवाला नाही म्हणणार, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर.

मग पुस्तकवाल्यांनी धरलं काय? कार्बन. १८५८ मध्ये केकुले हा जर्मन केमिस्ट म्हणाला की कार्बनला चार हात, म्हणजे चार बंध. आपल्यात लग्न झालं की माणूस चतुर्भुज होतो, हा जन्मतःच चतुर्भुज, वर चार-चार ठिकाणी सोयरीक, आणि स्वतःच्याच भावकीशी हात धरून लांबच लांब साखळ्या करतो, फाटे फोडतो, कडी करून बसतो. पिष्ट, प्रथिनं, तेल-तूप, डीएनए, सगळ्यांचा सांगाडा हाच. सिलिकॉनलाही चारच हात, पण त्याची स्वतःशी पकड ढिली, ऑक्सिजन दिसला की तिकडं पळतो आणि वाळू होतो. मात्र कार्बन असला म्हणजे सेंद्रिय असंही नाही हां, चुनखडी आणि भज्यातला खायचा सोडा यांत कार्बन आहे तरी त्यांना निरिंद्रियातच बसवतात.

परवा आमच्याकडं तव्यावर भाकरी विसरली, फोन आला होता. धूर आला तेव्हा पळालो तर एका बाजूनं कोळसा. सौ. चिडली आणि मी तिला 'कर्बोदक' शब्द समजावत बसलो: कर्ब अधिक उदक, पिष्टाच्या प्रत्येक कडीचा हिशोब ६ कार्बन आणि ५ पाण्याएवढे हायड्रोजन-ऑक्सिजन, उदक उडालं, कर्ब तव्यावर राहिला. आत पाणी पाण्याच्या रूपात नसतं, नाव तसं थोडं फसवंच, पण जळक्या भाकरीपुढं इतकं चालतंय. तिला काही पटलं नाही.

हां, तुमचं जैविक राहिलंच. 'जैविक खेती' हिंदीतनं आलंय, पाटीवर झकास दिसतं म्हणून लावतात. मराठीत जैविकला आधीच काम आहे, ट्रायकोडर्मासारखी जिवंत बुरशी वापरली की ते जैविक नियंत्रण. ज्वारीच्या पिशवीवर 'सेंद्रिय शेतीतली ज्वारी' लिहा, द्रि ऱ्हस्व काढा, आणि ते केमिकल-फ्री तेवढं खोडा.